बाटली खाली ठेवल्यानंतर

उरणच्या मोरा बंदरातून आज भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. दीडशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून मुंबईला दारू जात होती. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उरणच्या भट्ट्यांमध्ये मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जाई. भट्टीमालक बहुतेक पारशी, फुलं पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून आलेली आणि गिऱ्हाईक मुख्यतः मुंबईचं. उरण तेव्हा पनवेल तालुक्याचाच एक महाल होता. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारी देखरेखीखाली मोजक्या ठिकाणी आणलं. पुढे १८९२मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावरही बंधनं आली. हा खटाटोप लोकांनी कमी प्यावं म्हणून नव्हता, महसूल बुडू नये म्हणून होता.

या पट्ट्यात दारू ही अशी बाहेरून आलेली पाहुणी कधीच नव्हती. हळदीला ती असते, शिमग्याला असते, होडी पाण्यात उतरवताना असते, मयताच्या घरून परतल्यावरही असते. कामाचा शीण, जमिनीचा व्यवहार, पोराची नोकरी, भावाभावांतला समझोता, सगळ्याला ‘बसणं’ हा एकच विधी. त्यात १९८९पासून न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मिठागरं आणि भातशेतीच्या जागी कंटेनर यार्ड उभी राहिली, ट्रेलरच्या रांगा लागल्या, पाळीची कामं आली. जमिनीचा मोबदला ज्यांच्या हाती आला त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काम मात्र उरलं नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशी घरी असतोच, आता शेतकऱ्याचा मुलगाही बाराही महिने घरी असू लागला.

मोरा, करंजा, उरण आणि पनवेलच्या आसपास राहणाऱ्या, दारू सोडलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची कथनं या संग्रहात आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत. दारू कशी लागली हे ती सांगतात, पण थोडक्यात, कारण त्या गोष्टी एकमेकींसारख्याच असतात. संग्रहाचा भर त्यानंतरच्या काळावर आहे. बाटली खाली ठेवल्यावर पहिल्या महिन्यात काय झालं, पहिल्या पावसाळ्यात काय झालं, तिसऱ्या वर्षी सगळं सुरळीत असताना माणूस पुन्हा का घसरला, आणि जे घसरले नाहीत त्यांच्या आयुष्यात असं काय होतं जे इतरांच्या नव्हतं? मराठीत व्यसनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण या प्रश्नाला त्या मानाने जागा कमी मिळाली.

दारू थांबवणं हे काही दिवसांचं काम आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांत काहींना भास होतात, फिट येते, आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार करायचा असतो. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व यांच्या आधाराने बहुतेकजण आठवड्या-दीड आठवड्यात यातून बाहेर येतात. घरी आनंदीआनंद होतो. सत्यनारायण घातला जातो. आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

शरीरातून दारू गेली तरी झोप महिनोन्‌महिने ताळ्यावर येत नाही. चिडचिड वाढते. वर्षानुवर्षं ज्या मेंदूला आनंदासाठी एकच रस्ता माहीत होता, त्याला जेवणात, सिनेमात, मुलाच्या पहिल्या नंबरात गोडी वाटत नाही. त्यात संध्याकाळचे सात वाजतात. पूर्वी सात ते दहा हा वेळ दारूने भरलेला होता, आता तो रिकामा आहे. मित्र होते ते पिण्याच्या टेबलावरचे. बायकोशी बोलायची सवय मोडलेली. कर्जं तशीच उभी आणि ती आता शुद्धीत दिसू लागलेली. न पिणारा पण आतून तसाच राहिलेला, रागीट, संशयी, ‘मी तुमच्यासाठी एवढं केलं’ म्हणून घर वेठीला धरणारा माणूस व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘याच्यापेक्षा पीत होता तेव्हा बरा होता’ हे वाक्य अशा घरांत ऐकू येतं, आणि ते बोलणारी बाई दुष्ट नसते.

राम गणेश गडकऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर दारूने संपतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मधल्या एका टप्प्यावर तो दारू सोडायचा निश्चय करतो, पोटापाण्याचं काम मागायला ओळखीच्या लोकांकडे जातो आणि तिथून अपमान पदरी घेऊन परत येतो, हा भाग लोक विसरतात. प्याला पुन्हा हातात येतो तो त्यानंतर. त्याचा निश्चय खोटा नव्हता. निश्चय करणाऱ्याला उभं राहायला जागा नव्हती.

महाराष्ट्रात दारूविरुद्ध जे जे प्रयत्न झाले, त्यांच्याकडे या नजरेने पाहिलं की त्यांच्यातला फरक स्पष्ट होतो.

सर्वांत जुनी वाट विरोधाची आणि बंदीची. १८८०मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकानं वाढण्याला लेखी हरकत घेतली होती. १९०८मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांसमोर निदर्शनं झाली. १९३९मध्ये काँग्रेस सरकारने मुंबईत दारूबंदी आणली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो सुधारणांसह आजही महाराष्ट्रात लागू आहे, त्यामुळे कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. गडचिरोलीत १९९३मध्ये लोकांच्या चळवळीतून जिल्हा दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. ‘आडव्या बाटली’ला मत देऊन गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांचं कर्तृत्व कुणी कमी लेखू नये. दुकान लांब गेलं की नवे पिणारे कमी तयार होतात आणि सोडलेल्याला रोज त्या दारावरून जावं लागत नाही. पण ज्याला दारूवाचून राहवत नाही, त्याला बंदी दुसरा रस्ता शोधायला लावते. मुंबईतल्या मालवणीत २०१५च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. गडचिरोलीतही बंदीच्या जोडीला गावातली संघटना आणि व्यसनींसाठी उपचार लागतात हे ध्यानात घेऊनच २०१६पासून ‘मुक्तिपथ’चं काम उभं राहिलं.

दुसरी वाट धाकाची. राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून मारलं जाई, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली गेली आणि अनेक गावांनी तिचं अनुकरण केलं. तिच्याइतकं हानिकारक अनुकरण दुसरं नसेल. राळेगणात त्याच काळात पाणी अडवलं गेलं, शेतीला पाणी मिळालं, देऊळ श्रमदानातून उभं राहिलं, माणसांना काम आणि गावात पत मिळाली. लोकांनी खांब उचलला आणि पाणी तिथेच ठेवलं.

तिसरी वाट औषधाची. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की उलट्या, धडधड, लाली असा त्रास होतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग पुढे आला. माणसाला विश्वासात घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलं तर ते उपयोगी आहे. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आता आहेत. पण ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात, आणि त्या वाचून कुणीतरी बायको वरणात पूड मिसळते. हे धोक्याचं आहे. नवरा नकळत प्यायला तर त्याचं हृदय ते सोसेलच असं नाही. शिवाय ज्या घरात पुढची सगळी इमारत विश्वासावर उभी करायची आहे, तिथे पायातच फसवणूक घातली जाते.

चौथी वाट माणसांची, आणि या प्रस्तावनेत तिच्यापाशी जास्त रेंगाळायला हवं. १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर भेटले. दोघेही दारूने बुडालेले. आपल्यासारख्या दुसऱ्याशी बोलत राहिलं की आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांना उमगलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.) उभी राहिली. भारतात ती १९५०च्या दशकात आली आणि महाराष्ट्रात मराठी मीटिंग गावोगाव पोचल्या. चर्चचा हॉल किंवा शाळेचा वर्ग, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. एकेकजण उठून नाव सांगतो आणि ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो, मग बोलतो. कुणी सल्ला देत नाही, मधे तोडत नाही. ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी दारूचा उल्लेख फक्त पहिलीत आहे. बाकीच्या अकरा आपल्या दोषांची यादी करण्याच्या, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करण्याच्या, आणि हे दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या आहेत. दारू सोडण्याला बारातला एक वाटा आणि जगणं बदलण्याला उरलेले अकरा, हे प्रमाण ज्यांनी ठरवलं ते स्वतः त्यातून गेलेले होते.

वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं, आणि बी. के. एस. अय्यंगारांकडून शिकलेला योग ए.ए.च्या पायऱ्यांना जोडला. पुण्यात १९८६च्या २९ ऑगस्टला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिल अवचटांनी ब्राऊन शुगरच्या विळख्यावर ‘गर्द’ लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी देऊ केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी केंद्राला आकार दिला. मुक्तांगणचं वेगळेपण तिथल्या वातावरणात होतं. बरे झालेले पेशंटच तिथे कार्यकर्ते झाले. योग, गाणी, साफसफाईची कामं, समुपदेशन, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, पुढे व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग आला. १९९७मध्ये अनिताताई गेल्या. नंतर मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम सांभाळलं.

रायगडातल्या वाचकाला या मालिकेत एक नाव अजून हवं असेल. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३मध्ये समर्थांच्या दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. त्यांचं काम व्यसनमुक्ती केंद्राचं नव्हतं. तरी उरण-पनवेल-अलिबागच्या आगरी-कोळी वस्त्यांत ‘तो आता बैठकीला जातो’ याचा अर्थ सगळ्यांना कळतो: त्याने सोडली. याच रायगडातल्या रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवाराने कोळीवाड्यांत ‘मत्स्यगंधा’ होड्या चालवल्या. त्यावर माणसं पाळीपाळीने, मजुरी न घेता जात आणि मिळकत गरजूंसाठी ठेवली जाई. वारकऱ्यांमध्ये गळ्यात तुळशीची माळ घालणं हे त्याहून किती तरी जुनं. माळकरी माणसाला कुणी ग्लास पुढे करत नाही, त्यामुळे नकार देण्याचं अवघड काम माळच करते.

समीक्षकाने इथे श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालेल. बैठकीला ठरलेला वार आहे, ठरलेली वेळ आहे, तिथे न पिणारी माणसं भेटतात, गैरहजर राहिलं तर कुणीतरी विचारतं, आणि काही काळाने नव्या माणसाची जबाबदारी जुन्यावर येते. ए.ए.च्या मीटिंगमध्ये नेमकं हेच आहे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी दारू पिणाऱ्यांचा अनेक दशकं मागोवा घेऊन १९८३मध्ये पुस्तक लिहिलं. टिकून राहिलेल्यांमध्ये त्यांना वारंवार दिसलेल्या गोष्टी अशा: कुणाची तरी देखरेख, दारूच्या जागी दुसरी एखादी धरून ठेवणारी सवय, नवी नाती, आणि आशा देणारा एखादा समूह. रेवदंडा आणि हार्वर्ड यांना एकमेकांची काही खबर नव्हती.

घसरण का होते, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने केला. त्यांना आढळलं की सुमारे तीन चतुर्थांश घसरणींमागे तीनच प्रकारचे प्रसंग असतात: मन खचणं किंवा चिडणं, कुणाशी तरी भांडण, आणि ‘एकच घे रे’ म्हणणारी माणसं. दारूची निव्वळ तल्लफ त्या मानाने मागे राहते. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती घरच्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. एक पेग घेतल्यावर माणूस ‘आता गेलंच सगळं’ असं स्वतःला सांगतो आणि त्या निराशेत बाटली संपवतो. पेगपेक्षा ही निराशा घातक. म्हणून केंद्रांमधून आता घसरलेल्याला ‘परत ये, कुठे घसरलास ते बघू’ म्हणतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपैकी काय होतं, हे विचारतात. थकलेल्या, उपाशी माणसाला आधी जेवायला घालावं हे ऐकायला साधं वाटतं, पण दुपारची पाळी संपवून अकराला घरी येणाऱ्या ट्रेलर ड्रायव्हरच्या बाबतीत तेच निर्णायक ठरू शकतं.

आणि घर. नवऱ्याने दारू सोडून वर्ष झालं तरी तो दारातून आत आला की बायको नकळत श्वास ओढून वास घेते. तो उशिरा आला की मुलं टीव्हीचा आवाज कमी करतात. पगाराचं पाकीट अजून तीच मोजते. त्याला वाटतं, ‘एवढं केलं तरी विश्वास नाही.’ तिला वाटतं, मागच्या वेळीही असंच वर्ष गेलं होतं. दोघांचंही खरं असतं. लोइस विल्सन या बिलच्या पत्नीने १९५१मध्ये अ‍ॅल-अ‍ॅनॉनची स्थापना करण्यात पुढाकार घेतला, कारण पिणारा सुधारला तरी त्याच्याबरोबर जगलेल्याच्या मनातली भीती आपोआप जात नाही. तिला स्वतंत्र वेळ, स्वतंत्र माणसं लागतात. संग्रहातली पत्नींची कथनं सर्वांत कमी पानांची आहेत आणि सर्वांत कठीण आहेत. त्यातल्या काहीजणींनी नवरा सुधारल्यावरही वेगळं राहणं पसंत केलं. संपादकांनी तेही जसंच्या तसं ठेवलं, हे योग्य झालं.

हे सगळं आज लिहिण्याची गरज का? दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयाचे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या साधारण ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो. ज्याला मिळतो त्यालाही तो बहुधा पहिल्या महिन्यापुरता. पुढच्या तीन-चार वर्षांसाठी तालुक्याच्या ठिकाणी काय आहे? गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने एक रस्ता दाखवला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी काही भेटींत बोलणी केली. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यातल्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हे पुरतं व्यसन लागलेल्यांवरचं काम नव्हतं, त्यामुळे त्यातून फार मोठे दावे करू नयेत. पण गावातलीच शिकवलेली माणसं हे काम करू शकतात, एवढं त्यातून नक्की दिसतं. उरण-पनवेलला अटल सेतू आणि विमानतळ मिळाला. प्रत्येक आरोग्य केंद्रात असा एक समुपदेशक मिळायला त्याच्या तुलनेत फारच थोडा पैसा लागेल.

हे पुस्तक कोणत्याही एका पंथाचा प्रचार करत नाही. बैठकीला जाऊन सावरलेले यात आहेत, ए.ए.त वीस वर्षं नियमाने जाणारे आहेत, मुक्तांगणमध्ये राहून आलेले आहेत, आणि देवावर विश्वास नसलेला, केवळ व्यायाम आणि मुलीच्या अभ्यासाला धरून राहिलेला एकजणही आहे. ज्यांना जमलं नाही, त्यांचीही कथनं आहेत. हळदीत दारू न ठेवण्याचा निर्णय घेतलेल्या घरांची आहेत, आणि त्या निर्णयामुळे भावकीत आलेल्या दुराव्याचीही. यशस्वी माणसांचीच कथनं निवडली असती तर पुस्तक वाचायला सुखद झालं असतं आणि वाचकाच्या कामाचं राहिलं नसतं.

काही उणिवा राहिल्या आहेत. पिणाऱ्या स्त्रियांपैकी बोलायला तयार झालेल्या फार थोड्या, कारण बाईने प्यायली हे कबूल करण्याची किंमत या भागात पुरुषापेक्षा कितीतरी जास्त आहे. पाडे आणि कातकरी वस्त्या, जिथे हातभट्टी आणि वेठबिगारीचा जुना संबंध आहे, यात नीट आलेल्या नाहीत. बाहेरच्या राज्यांतून बंदराच्या कामाला आलेले मजूर अजिबातच नाहीत. पुढच्या आवृत्तीत ही पानं भरावी लागतील. ज्यांच्या घरात आज कुणी पीत आहे, त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. आधी पत्नींची कथनं वाचावीत, मग माणूस तयार असेल तर त्याच्याबरोबर बसून बाकीची. आणि जो रोज पितो, त्याने हे वाचून अचानक सोडण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरला गाठावं.